विधवेचा अर्ज



सकाळी मानखुर्दहून पनवेलची गाडी पकडणाऱ्या गर्दीत काही बायका अशा असतात, की त्या कामावर निघालेल्या नसतात. पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, धुऊन घडी घातलेला एखादा शर्ट, वकिलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. त्या खारघरला उतरतात आणि पुढे तळोजाच्या कारागृहात मुलाकातीला जातात. १९९२ साली खाडी ओलांडून रेल्वे वाशीला पोचली, तेव्हा हा मार्ग नव्या मुंबईत घर आणि नोकरी शोधणाऱ्यांचा होता. आता त्याच रुळांवरून आया आणि बायका आपल्या माणसाशी चार शब्द बोलायला जातात. तो माणूस गुन्हेगार ठरलेला असतोच असं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. या बायकांना विचारलं, काय झालं, तर उत्तर ठरलेलं असतं: "तारीख पडली."

संयोजकांनी पत्रिकेत विषय छापला आहे, 'दुःख, प्रतीक्षा आणि ख्रिस्ती आशा'. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जन्मभर मराठी शिकवलं. त्यामुळे पवित्र शास्त्राकडेही मी थोडी भाषेच्या बाईसारखी बघते, म्हणजे गोष्टीत कोण काय करतं हे आधी पाहते आणि तात्पर्य मागून. समोर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, बुद्धविहारातून आलेली मंडळी आहेत, मुसलमान शेजारी आहेत. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमतो त्या बाई मानखुर्दच्या या वस्त्यांतून घरोघर टीबीच्या गोळ्या पोचवायच्या, आणि गोळी देताना धर्म विचारायच्या नाहीत. तेव्हा फक्त चर्चवाल्यांना कळेल असं बोलणं त्यांनाच रुचलं नसतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. एका गावात एक न्यायाधीश असतो. त्याला देवाची भीती नाही आणि लोकांची लाज नाही. त्याच गावात एक विधवा असते. ती त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येते आणि म्हणते, माझ्या वैऱ्याविरुद्ध मला न्याय द्या. तो टाळतो, टाळतच राहतो. शेवटी त्याला वाटतं, ही बाई डोकं खाऊन माझा जीव घेईल, त्यापेक्षा निकाल देऊन टाकलेला बरा. लूक सुरुवातीलाच सांगतो, की माणसांनी सतत प्रार्थना करावी आणि खचू नये हे शिकवण्यासाठी येशूने ही गोष्ट सांगितली.

आता बघा. प्रार्थनेचं उदाहरण द्यायचं होतं. येशूला हवा तेवढा भाविक माणूस निवडता आला असता, मंदिरात गुडघे टेकलेला, डोळे मिटलेला. त्याने निवडली कोर्टाचे उंबरे झिजवणारी बाई. आपल्या प्रवचनांत ती चिकाटीचा नमुना म्हणून येते आणि जाते. तिचा अर्ज कशासाठी होता, हे फारसं कुणी विचारत नाही. तो न्यायासाठी होता. तिला सहनशक्ती नको होती, मनःशांती नको होती, निकाल हवा होता. आणि येशू म्हणतो, प्रार्थना अशी असते.

माझं आजचं सगळं बोलणं एवढ्यावर उभं आहे. ख्रिस्ती आशा निमूट नसते. ती तक्रार करते, अर्ज करते, नाकारला गेला की पुन्हा करते. आणि निकाल लागेपर्यंतच्या काळात शेजारच्याला भरवते. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तिला आशा म्हणायचं. नुसती तक्रार असेल तर माणूस कडवट होतो, आणि नुसती सेवा असेल तर अन्याय करणाऱ्याची फार सोय होते.

तळोजाचं नाव निघालंच आहे, तर फादर स्टॅन स्वामी यांच्याबद्दल बोलायला हवं. जन्म १९३७, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडचा. येशूसंघी धर्मगुरू. बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे दहा-अकरा वर्षं संचालक होते, नंतर झारखंडला गेले आणि रांचीजवळ नामकुमला 'बगैचा' नावाच्या केंद्रात राहून आदिवासींमध्ये काम केलं. त्यातलं एक काम आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. नक्षलवादी ठरवून तुरुंगात टाकलेल्या आणि वर्षानुवर्षं खटला न चाललेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी झारखंड उच्च न्यायालयात दाद मागितली. म्हणजे कच्च्या कैद्यांचे अर्ज लिहिणारा माणूस. ८ ऑक्टोबर २०२० ला एल्गार परिषद प्रकरणात एनआयएने त्यांना अटक केली आणि वयाच्या ८३ व्या वर्षी ते स्वतः कच्चे कैदी झाले.

या प्रकरणाबद्दल या सभागृहात दोन मतं असतील, असू देत. तपास यंत्रणेचा आरोप माओवाद्यांशी संबंध असल्याचा होता, त्यांनी तो नाकारला. त्यांच्या हयातीत खटला उभाच राहिला नाही, त्यामुळे न्यायालयाने तो आरोप खरा की खोटा हे कधी ठरवलं नाही. मला आज त्यांच्या राजकारणाबद्दल बोलायचं नाही. त्या नऊ महिन्यांत त्यांनी काय केलं, एवढंच बघायचं आहे.

त्यांना पार्किन्सन्स होता. हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नव्हता. ६ नोव्हेंबर २०२० ला त्यांनी न्यायालयाकडे अर्ज केला, की मला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा. उत्तर द्यायला तपास यंत्रणेला वीस दिवस मिळाले. विसाव्या दिवशी उत्तर आलं, की अटकेच्या वेळी त्यांचा सिपर आम्ही घेतलाच नव्हता. देशभर चर्चा झाली, लोकांनी सिपर पाठवले, पुढे तुरुंगाकडून सोय झाली. आपण त्या बातमीवर हळहळलो आणि विसरलो. मला मात्र तो अर्ज फार मोलाचा वाटतो. ८३ वर्षांचा धर्मगुरू म्हणू शकला असता, की येशू वधस्तंभावर तहानेला होता, मीही तहान सोसेन. तसं म्हटलं असतं तर आपण त्यांच्यावर भक्तिगीतं रचली असती. त्यांनी ते म्हटलं नाही. रीतसर अर्ज केला. पाणी पिण्याची वस्तू हा माझा हक्क आहे आणि तो तुम्ही द्यायचा आहे, एवढंच त्या कागदात होतं.

आणि त्याच महिन्यात त्यांनी बाहेर एक पत्र पाठवलं. त्यात स्वतःच्या हालांपेक्षा इतरांची नावं जास्त आहेत. नाश्ता आणि दुपारचं जेवण भरवायला अरुण मदत करतो, आंघोळ घालायला व्हर्नन. हे अरुण फरेरा आणि व्हर्नन गोन्साल्विस, त्याच प्रकरणातले सहआरोपी. कोठडीतले दोन साधे कैदी रात्रीच्या जेवणाला हात देतात, कपडे धुतात, गुडघे चोळून देतात. ते फार गरीब घरचे आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असं फादर लिहितात. पुण्यगुरुवारी आपल्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, आणि ते बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊन आलेले असतात. इथे मात्र धुणारे हात आरोपींचे होते आणि धुतला जाणारा धर्मगुरू होता.

२२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. २१ मे ला उच्च न्यायालयापुढे ते व्हिडिओवरून हजर झाले आणि त्यांनी सरळ सांगितलं, की आलो तेव्हा मी चालत होतो, लिहीत होतो, स्वतःच्या हाताने जेवत होतो, आंघोळ करत होतो. एकेक करून ते सगळं गेलं. सरकारी रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. मागणी एकच होती, की आपल्या माणसांत राहता यावं म्हणून अंतरिम जामीन द्या. यात कुठेही हसतमुख संतपण नाही. शरीर मोडत चाललंय हे त्यांनी लपवलं नाही, आणि मागणीही सोडली नाही. २८ मे ला त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं, कोविड निघाला, आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेल्याचं न्यायालयाला कळवण्यात आलं.

इथे कुणीतरी म्हणेल, बाई, हे सगळं ठीक आहे. पण ख्रिस्ती धर्माने गरिबाला शिकवलं ते याच्या अगदी उलट. सोस, स्वर्गात मिळेल. हा आक्षेप खरा आहे, आणि तो सर्वांत धारदारपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला एक निबंध त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. त्याचा आशय असा: अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगतात की तुझी ही दशा पूर्वकर्मामुळे, आणि तो ख्रिस्ती झाला की सांगतात आदिपापामुळे. दोन्हीकडे दोष त्याच्याच पदरात, आणि समाजाला जाब विचारायची जागा दोन्हीकडे नाही. भारतातले ख्रिस्ती आपल्यातल्या दलितांच्या हक्कांसाठी लढत नाहीत, हेही त्यांनी तिथेच सुनावलं. आपल्या चर्चमध्ये आंबेडकरांची तसबीर आता अनेक ठिकाणी दिसते, चांगलं आहे. पण हा निबंध तपश्चर्याकाळात एकदा मोठ्याने वाचून बघा. मला तर तो बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाशेजारी ठेवावा असा वाटतो.

कारण ईयोब काय करतो? त्याच्यावर संकट कोसळतं, तीन मित्र समाचाराला येतात आणि सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसतात. त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम तेवढंच. मग ते बोलायला लागतात आणि बिघडवतात. तुझं काही पाप असेल, देव न्यायी आहे, कबूल कर. ईयोब ऐकत नाही. तो देवाशी भांडतो, खटला मांडू बघतो. आणि शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो, की माझ्याबद्दल माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही खरं बोलला नाहीत. देवाची बाजू घेणाऱ्यांना देव खोटं ठरवतो आणि भांडणाऱ्याला खरं. मयताच्या घरी जाऊन 'देवाची इच्छा' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी तो अध्याय आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा एक अर्ज तर ७५ वर्षांहून जास्त काळ पडून आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख दलितांचा त्यात समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. अहमदनगरकडच्या महार-मांग वाड्यांतून ज्यांचे आजे-पणजे मिशनमध्ये आले, आणि पुढे ज्यांची मुलं पोटासाठी मुंबईला, या आपल्या वस्त्यांत आली, त्यांची जात चर्चबाहेर कुणी विसरलं नाही, आणि खरं सांगायचं तर चर्चच्या आतही नाही. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुकूल शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला. दर १० ऑगस्टला काही मंडळी निषेधाचा दिवस पाळतात, आणि बाकीचे आपण त्या दिवशी कामात असतो. या प्रश्नावर वेगवेगळी मतं आहेत, बौद्ध बांधवांतही आहेत, आणि ती समजून घ्यायला हवीत. पण 'आम्हाला काही नको, आम्ही प्रभूत समाधानी आहोत' हे उत्तर विधवेच्या गोष्टीत बसत नाही. ती समाधानी नव्हती.

आता मी माझ्या आवडत्या बाईकडे वळते, आणि थोडा जास्त वेळ घेणार आहे. लक्ष्मीबाई टिळक.

ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोक फार गोड करून सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी काही वर्षं दूर राहिली, मग प्रभूने तिचंही मन वळवलं, १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला, दोघांनी मिळून मोठं काम केलं. आमेन. पण लक्ष्मीबाईंच्या आठवणींचं पुस्तक, 'स्मृतिचित्रे', उघडलंत तर त्या मधल्या चार-पाच वर्षांचं वजन काय होतं ते कळतं. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण मेल्याहून वाईट झालेला, कारण मेलेल्याचं निदान सुतक संपतं. सगेसोयरे सांभाळतात तेही आणि पहाराही ठेवतात. शिक्षण जेमतेम अक्षरं लावण्याइतकं. नवरा पत्रांवर पत्रं लिहितो, भेटायला येतो, ये म्हणतो. आणि तिच्या दृष्टीने जाणं म्हणजे बाटणं.

ख्रिस्ती आशेवर बोलताना हे सांगायला माझी जीभ जरा अडखळते, पण सांगते. ती वाट पाहणं तिच्यावर एका ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेने लादलं होतं. टिळकांनी आपल्या सद्सद्विवेकाचा कौल मानला, त्याची किंमत बरीचशी तिने भरली. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, आणि संसाराच्या बाबतीत अत्यंत बेभरवशाचे. हातात पैसा आला की वाटून मोकळे, मनात आलं की घराबाहेर. लक्ष्मीबाईंनी यातलं काहीही झाकलेलं नाही. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने छापली जाऊ लागली तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, रेव्हरंड टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचं दैवत झालं होतं. आणि ही बाई त्या दैवताच्या विसराळूपणावर आणि रागावर वाचकाला खळखळून हसवते. तुम्ही कधी ख्रिस्ती साक्ष ऐकली आहे का, जिच्यात लोक पोट धरून हसले? आपल्या प्रार्थनासभांत हसू फार कमी, आणि दुःख सांगायची भाषा फार गुळगुळीत. लक्ष्मीबाईंची तक्रार गुळगुळीत नाही. तिला तारखा आहेत, भांडीकुंडी आहेत, कोण काय बोललं ते आहे.

शिवाय त्या वळल्या त्या एका दिवसात नाही. त्या टिळकांकडे राहायला आल्या तरी सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं तसंच. मग हळूहळू त्यांच्या मनाने जातीचा हिशेब मांडला आणि त्यांना तो जुळेना. देवाने जात केली असेल तर ती बाई आणि पुरुष एवढीच, बाकीचं माणसांचं, असं त्यांनी ठरवलं, आणि ते ठरल्यावर कुणाच्याही हातचं खायला लागल्या. बाप्तिस्मा त्याच्यानंतर. त्यांच्या आयुष्यात आधी पंगत बदलली आणि मग धर्म. नगरच्या प्लेगच्या काळात त्या आजाऱ्यांत वावरल्या, अनाथ मुलं घरात आली ती वाढवली, आणि घरात खायला किती आहे हा प्रश्न कायम तसाच राहिला.

९ मे १९१९ ला टिळक गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारं त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवटही म्हणता येणार नाही एवढंच झालं होतं, सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले, आणि शेवटच्या अध्यायापर्यंत पोचून २४ फेब्रुवारी १९३६ ला त्याही गेल्या. समारोप मुलाने, देवदत्तने केला. ज्या माणसाने तिला चार-पाच वर्षं तिष्ठत ठेवलं, त्याचं अडलेलं काम तिने पुढे मरेपर्यंत चालवलं. याला क्षमा म्हणायचं की हट्ट, मला ठरवता येत नाही. पौल रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संकटापासून धीरापर्यंत, धीरापासून कसोटीला उतरण्यापर्यंत आणि तिथून आशेपर्यंत एक जिना चढवतो. मला वाटतं लक्ष्मीबाई तो जिना चढल्या, पण पायरीगणिक कुरकुरत.

पंडिता रमाबाईंबद्दल आपण एरवी बरंच ऐकतो, म्हणून दोनच गोष्टी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांसमोर गमावलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आली. तिथे छापखाना काढला, मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायचं आणि ते बायकांच्याच हातांनी छापायचं, हे काम पंधराहून जास्त वर्षं चाललं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ ला. ते भाषांतर फारसं कुणी वाचत नाही, हेही सांगून टाकते. पण दुष्काळात रस्त्यावर मरायला टाकलेल्या मुली पुढे देवाचं वचन शिशाच्या अक्षरांत जुळवत होत्या, हे काम त्याच्या खपावर मोजता येत नाही.

आता परत आपल्या वस्तीकडे.

लल्लुभाई कंपाउंडमध्ये राहणारे कितीजण समोर आहेत, हात वर करा असं म्हणत नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी रुळांलगतच्या झोपड्या हलवल्या, तेव्हा २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. कागदावर ही वाट पाहण्याची अखेर होती. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या, की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये दाखवून दिलं, की जिथे उजेड आणि वारा कमी तिथे टीबी जास्त, आणि खालच्या मजल्यांवर अधिक. म्हणजे इथला आजार नुसता जंतूचा नाही, नकाशाचाही आहे. सरकारने २०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करायचं ठरवलं होतं. ते साल आलं आणि गेलं.

साध्या टीबीला सहा महिने गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि खरा धोका तिथेच असतो, कारण बरं वाटलं की गोळी सुटते. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं लागायची, आता काहींसाठी सहा महिन्यांचा नवा औषधक्रम आला आहे. पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ज्यांची आपण आठवण करतो त्या बाई रोग्याला गोळी देऊन समोर गिळेपर्यंत बसायच्या, आणि मग त्याच रोग्याला घेऊन पैसे खात्यात का आले नाहीत हे विचारायला आरोग्य केंद्रात जायच्या. चर्चमधल्या काहींना पहिलं काम ख्रिस्ती वाटायचं आणि दुसरं जरा राजकारणी. बाईंना त्यात फरक दिसत नव्हता. इमारतींमधलं अंतर किती असावं याबद्दल महापालिकेला पत्र लिहिणं हेही, माझ्या मते, आजाऱ्यांसाठी केलेली प्रार्थनाच आहे.

आशा आणि तक्रार यांची हीच सांगड घालणारे जर्मन धर्मशास्त्री युर्गेन मोल्टमान यांचं नाव आपल्यातल्या सेमिनरीत शिकलेल्यांना माहीत असेल. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, विमानविरोधी तोफेवर नेमलेले. शेजारी उभा असलेला मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना हातात बायबल पडलं, आणि विलापाच्या स्तोत्रांनी त्यांना धरून ठेवलं. आनंदाच्या स्तोत्रांनी नाही, हे लक्षात घ्या. १९६४ मध्ये त्यांनी आशेवर जो ग्रंथ लिहिला त्याचं सूत्र असं, की पुनरुत्थानावर आशा ठेवणाऱ्या माणसाला आहे ते जग आहे तसं चालवून घेता येत नाही. आशा त्याला स्वस्थ बसू देत नाही.

आणि आता पुनरुत्थानाबद्दल बोलणं टाळता येणार नाही. कारण मघापासून काहींच्या मनात असेल, की या बाईने अर्ज, याचिका, आयोग सगळं सांगितलं, मग यात देव कुठे आणि स्वर्ग कुठे? हे तर कोणीही नास्तिक कार्यकर्ता करेल.

करेल, आणि पुष्कळदा आपल्याहून चांगलं करेल. फरक पडतो तो अर्जदार मेल्यावर. इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने जगलेल्यांची लांब यादी आहे, आणि त्या यादीचं वैशिष्ट्य हे, की त्यांतल्या बहुतेकांना वचन दिलेलं मिळालंच नाही. ते वाट पाहत मेले. मेलेल्या माणसाला न्याय मिळण्याला काही अर्थ आहे का? कायदा व्यवहारी असतो; आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो, फाइल बंद होते. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, ती बंद होत नाही. देवाने ज्याला मेलेल्यांतून उठवलं तो कुणी सुखाने, वय होऊन गेलेला माणूस नव्हता. त्याला घाईघाईच्या सुनावणीनंतर गुन्हेगार म्हणून मारलं होतं. तिसऱ्या दिवशी जे घडलं ते आपण विजय म्हणून गातो, पण तो त्या निकालाला फिरवणाराही निकाल होता.

स्टॅन स्वामी गेल्यावर त्यांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले फादर फ्रेझर मास्करेन्हस, सेंट झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य आणि त्यांच्याच येशूसंघाचे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, की जामीन नाकारताना स्टॅन स्वामींबद्दल जे नोंदलं गेलं त्याचा डाग त्यांच्या नावावरून पुसला जावा. ज्याच्यासाठी हे मागायचं तो जामिनावर सुटणार नाही, रांचीला जाणार नाही, त्याला सिपरही लागणार नाही. व्यवहाराच्या हिशेबाने हा अर्ज निरर्थक आहे.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. स्वर्गाचा मुद्दा ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी उठावं, मला त्यांच्याशी खरंच वाद घालायचा आहे.